मदतीची मोजदाद

आपत्तीत मदत अपुरी पडते, असा सर्वसाधारण समज असतो. अभ्यास करताना मला त्याहून मोठी उणीव दिसली : कोण, काय आणि कुठे करीत आहे, याची एकत्रित नोंदच नसते. मग रस्त्यालगतच्या गावाला दोनदा धान्य पोहोचते आणि आडबाजूची वस्ती उपाशी राहते.

या गोंधळावर उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९१मध्ये ४६/१८२ क्रमांकाचा ठराव केला. त्यातून आपत्कालीन मदतीसाठी समन्वयकाचे पद निर्माण झाले. मात्र पहिली जबाबदारी आपद्ग्रस्त देशाच्या सरकारचीच, हेही ठरावाने स्पष्ट केले. समन्वयक हुकूम सोडत नाही; तो सर्वांना एका टेबलाशी बसवतो. २००५पासून कामांची विभागणी झाली : आरोग्य जागतिक आरोग्य संघटनेकडे, पाणी व स्वच्छता युनिसेफकडे, मालवाहतूक जागतिक अन्न कार्यक्रमाकडे. ज्याच्याकडे गट, त्याने बैठक बोलवायची, नोंद ठेवायची आणि राहिलेली जागा भरून काढायची.

महाराष्ट्राने हा धडा किल्लारीत गिरवला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद हादरले. जागतिक बँकेचे कर्ज आणि देशोदेशीची मदत आली. सूत्रे मात्र राज्य सरकारच्या हाती राहिली. बावन्न गावे नव्या जागी वसवायची होती. त्यांतली अनेक देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली. परंतु मला महत्त्वाचा वाटतो तो घरदुरुस्तीचा भाग. तिथे घरमालकाला हप्त्याहप्त्याने पैसे मिळत आणि काम तो स्वतः करून घेई. हप्ता कधी, भिंत कशी बांधायची, तक्रार कुठे, हे समजावायला गावातल्याच स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. कार्यालयाचा निरोप गावात आणि गावाची अडचण कार्यालयात, असा दुहेरी रस्ता त्यांनी खुला केला. जिनिव्हातील बैठकीपासून सुरू होणाऱ्या साखळीची शेवटची कडी हीच असते.

आम्हा नाशिककरांना एक सामाईक माप ठाऊक आहे. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, एवढ्यावरून सारे शहर सावध होते. मदतीला मात्र असे माप नाही. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण दिले आहे. सिंहस्थ तोंडावर असताना प्रत्येक मंडळाने, अन्नछत्राने आणि रुग्णवाहिका चालवणाऱ्या संस्थेने आपली नोंद तिथे आधीच करावी. पूर आल्यावर याद्या करायला सवड नसते.