देऊळघाट ते खारदुंग ला : ऊर्जेचा जमाखर्च

आमच्या देऊळघाटाहून उत्तरेकडे लांबच्या प्रवासाला निघायचे म्हटले, की आधी बुलढाणा गाठावे लागते आणि मग राजूर घाट उतरावा लागतो. पैनगंगेच्या उगमाजवळचा हा मुलूख अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर वसलेला आहे. घाट उतरला की मोताळा, मलकापूर आणि पूर्णेचे काळ्या मातीचे सपाट खोरे. तेथून बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर असे करीत दिल्ली, पुढे मनाली आणि त्याही पुढे लेह. तीन वर्षांपूर्वी जूनच्या आरंभी आम्ही तिघे सहकारी या वाटेने तीन मोटारसायकलींवरून गेलो. अंतर २,००० किलोमीटरांहून थोडे अधिक.

परत आल्यावर विद्यार्थ्यांनी विचारलेला पहिला प्रश्न अपेक्षित होता : "सर, पेट्रोल किती लागले?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर नीट द्यायचे तर अकरावीच्या पुस्तकातील निम्मे प्रकरण त्यात येते. म्हणून हा जमाखर्च मांडतो आहे. त्यात माझी स्वतःची एक जुनी चूकही मांडावी लागणार आहे, कारण तीच चूक आजही आमच्या घाटात रोज कोणी ना कोणी करताना दिसतो.

आधी जमेची बाजू पाहू. शुद्ध पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा असते. आता पंपावर मिळणाऱ्या, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ती जरा कमी, म्हणजे सुमारे ३ कोटी ज्यूल भरते. परंतु ही सगळी चाकापर्यंत पोहोचत नाही. बराच मोठा भाग धुराबरोबर आणि इंजिनावरील पंख्यांतून उष्णतेच्या रूपाने निघून जातो. थोडा दट्ट्या, साखळी, गिअर यांच्या घर्षणात जातो. चाकाच्या वाट्याला ढोबळमानाने पाचवा हिस्सा येतो, म्हणजे लिटरमागे ६० लाख ज्यूल. ही आपली खरी कमाई.

आता खर्च. सपाट रस्त्यावर मोटारसायकलला दोन सावकारांचे देणे असते. एक टायर आणि दुसरा हवा. गाडी, स्वार आणि सामान मिळून ३०० किलोग्रॅम वजन धरले, तर टायर दबण्या-फुगण्यात होणारा रोध सुमारे ४५ न्यूटन असतो. तो वेगाप्रमाणे फारसा बदलत नाही. हवेची गोष्ट निराळी. तिचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटर वेगाला तो सुमारे ६५ न्यूटन, ७० ला १२५ आणि १०० ला २५५ न्यूटन असतो. वेग दुप्पट केला की हवेचे देणे चौपट!

ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. तेव्हा एका लिटरच्या ६० लाख ज्यूलला एकूण रोधाने भागले की किती मीटर जाता येईल ते निघते. ताशी ७० च्या वेगाला एकूण रोध १७० न्यूटन, म्हणजे लिटरला सुमारे ३५ किलोमीटर. १०० च्या वेगाला ३०० न्यूटन, म्हणजे अवघे २०. (वेगाप्रमाणे इंजिनाची कार्यक्षमताही थोडी बदलते, ती येथे सोडून दिली आहे. शिक्षकांनी हवे तर ती धरून गणित पुन्हा करून घ्यावे.) मनालीच्या पुढे टांडी या गावी पेट्रोलपंप आहे. आम्ही गेलो तेव्हा तेथे पाटी होती, की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. अशा पाटीसमोर उभे राहिल्यावर वेगाचा वर्ग हे काय प्रकरण आहे ते फळ्यावरच्यापेक्षा लवकर समजते. टाकी भरून घेतली आणि वेग आवरला.

आता चढ. खारदुंग ला ही लेहच्या वरची खिंड. तेथील पाटीवर उंची १८,३८० फूट लिहिलेली असे, पण उपग्रहांच्या साहाय्याने मोजलेली उंची सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे १७,६०० फुटांच्या आत भरते. देऊळघाटापेक्षा ती ४,७०० मीटर उंच आहे. तीनशे किलो वजन तेवढे उचलायला किती ऊर्जा लागेल? वजन ३००, गुरुत्वीय त्वरण ९.८ आणि उंची ४,७०० यांचा गुणाकार केला की १ कोटी ३८ लाख ज्यूल येतात. याला ६० लाखांनी भागा. उत्तर येते २.३ लिटर! साऱ्या प्रवासाला ६० लिटरच्या वर पेट्रोल लागले, त्यात हिमालय चढण्याची मजुरी तीन लिटरसुद्धा नाही. वाटेत घाट उतरून पुन्हा चढावे लागतात हे खरे, तरीही मोठा खर्च हवेला ढकलण्यातच झाला.

पण चढताना उचललेले वजन कधीतरी उतरवावे लागते. हे उतरणेच या हिशेबातील सर्वांत नाजूक कलम आहे.

माझे वडील दोन फटक्यांच्या इंजिनाची मोटारसायकल चालवीत. राजूर घाटाच्या माथ्यावर ते गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन बंद करीत आणि ब्रेकवर गाडी खाली आणीत. "पेट्रोल वाचते आणि इंजिनही वाचते," असे ते सांगत. मी नोकरीला लागलो आणि चार फटक्यांची नवी गाडी घेतली, तेव्हा मीही तसेच करू लागलो. भौतिकशास्त्राची पदवी खिशात होती, पण घरची शिकवण पदवीहून जुनी! एके दिवशी चुलतभाऊ मागे बसला होता, सामानही होते. अर्धा घाट उतरल्यावर मागचा ब्रेक पायाखाली खोल जाऊ लागला. पुढचा आवळला, तर गाडी थोडी मंदावली आणि पुन्हा धावू लागली. समोर वळण आणि पलीकडून चढत येणारी एस. टी. रस्त्याच्या कडेला दुरुस्तीसाठी टाकलेला मुरमाचा ढीग होता. त्यात गाडी घातली. दोघांची ढोपरे सोलली, बाकी काही झाले नाही. ढीग नसता तर काय झाले असते, हे भाऊ मला अजून सुनावतो.

त्या दिवशी काय घडले त्याचा हिशेब करू. समजा घाटाची उभी उतरण २०० मीटर आहे आणि रस्ता ४ किलोमीटरांचा आहे. ३०० किलो वजन २०० मीटर खाली येताना ५ लाख ८८ हजार ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. दोन लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी लागते तेवढीच ही. ताशी ३० च्या वेगाने उतरले तर साधारण निम्मी ऊर्जा टायर आणि हवा घेतात. उरलेली, सुमारे तीन लाख ज्यूल, आठ मिनिटांत ब्रेकने पचवायची असते. घरातील ७५० वॉटची इस्त्री आठ मिनिटे चालू ठेवली तर जवळपास एवढीच उष्णता निघते. ब्रेकचा ड्रम दोन किलो लोखंडाचा धरला आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असे मानले, तर त्याचे तापमान तीनशे अंशांहून अधिक चढेल. प्रत्यक्षात वारा काही उष्णता नेतो, पण वेग वाढला की ब्रेकच्या वाट्याला मिनिटामिनिटाला येणारी उष्णताही वाढते. तापलेला ड्रम प्रसरण पावून आतल्या पट्ट्यांपासून दूर सरतो, म्हणून पाय खोल जातो. पट्ट्यांचे घर्षणही तापून कमी होते. डिस्क ब्रेक असेल तर निराळाच धोका. त्यातील द्रव जुना झाला की हवेतील बाष्प शोषून घेतो आणि फार तापल्यास त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. बोटांनी ब्रेक आवळला तरी दाब चाकापर्यंत जातच नाही.

आणि वाचले किती? चालू ठेवलेले इंजिन त्या आठ मिनिटांत फार तर ५० मिलिलिटर पेट्रोल पिते. टपरीवरच्या एका कटिंग चहाएवढे. अलीकडच्या इंधन फवारणाऱ्या इंजिनात तर गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की इंधन बहुधा बंदच होते. म्हणजे वाचण्यासारखे काही उरतच नाही.

मग वडील चुकीचे होते का? पूर्णपणे नाही. दोन फटक्यांच्या इंजिनाला वंगणतेल पेट्रोलबरोबरच मिळते. लांब उतारावर गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर चाकांमुळे इंजिन जोरात फिरते पण पेट्रोल, आणि त्याबरोबर तेलही, फार थोडे येते. दट्ट्या कोरडा पडून सिलिंडरमध्ये अडकण्याची भीती असते. जुन्या स्वारांची सवय त्यातून आली. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी २००० सालाच्या सुमारास दोन फटक्यांची इंजिने नव्या मोटारसायकलींतून जवळजवळ नाहीशी झाली. चार फटक्यांच्या इंजिनात तेल तळाशी वेगळे साठवलेले असते आणि पंपाने सगळीकडे फिरत राहते. इंजिन बदलले, सवय मात्र वारशाने पुढे आली.

चार फटक्यांचे इंजिन गिअरमध्ये ठेवले की ते स्वतःच ब्रेक बनते. कसे ते समजायला सुई नसलेली एक नवी, स्वच्छ सिरिंज घ्या. तिचे तोंड बोटाने बंद करून दांडा मागे ओढा. ओढायला जोर लागतो ना? ॲक्सिलरेटर सोडल्यावर हवेची वाट जवळजवळ बंद होते आणि दट्ट्याला प्रत्येक शोषणाच्या फटक्यात असाच जोर लावावा लागतो. तो जोर मागचे चाक पुरवते, म्हणून चाक मंदावते. इंजिनातील घर्षणाची त्यात भर पडते. उष्णता बाहेर टाकण्यासाठीच इंजिनावर पंखे केलेले असतात, त्यामुळे ते आठ मिनिटे काय, आठ तास हे काम करू शकते. ज्या गिअरमध्ये घाट चढता येतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे जुने ट्रकचालक सांगतात. त्यामागचे शास्त्र हेच.

आता लेहकडे येऊ. खारदुंग लाच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५१ टक्केच असतो. पाणी तेथे ८३ अंशांच्या आसपासच उकळते. प्राणवायू निम्मा, म्हणून इंजिनाची शक्तीही निम्म्यावर येते. आमच्यापैकी एकाची गाडी जुनी, कार्ब्युरेटरची होती. हवा विरळ झाली तरी कार्ब्युरेटर पेट्रोल त्या प्रमाणात कमी करीत नाही. मिश्रण दाट होऊन गाडी काळा धूर सोडू लागली आणि शेवटचे काही किलोमीटर पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढली. स्वाराचीही तीच अवस्था होते. म्हणून लेहमध्ये ३,५०० मीटरवर दोन दिवस मुक्काम करून शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यावी लागते. हे न करता वर धावणारे उत्साही तरुण डोकेदुखी, उलट्या आणि कधी त्याहून गंभीर आजार घेऊन परततात.

हे सगळे बरेच जण सांगतात. पण उताराबद्दल एक गोष्ट मलाही तेथे जाईपर्यंत सुचली नव्हती. माथ्यावरून लेहकडे गाडी सोडली, दुसरा गिअर ठेवला आणि वाटले, की इंजिन नेहमीसारखे गाडी धरत नाही. प्रथम मनाचा खेळ वाटला. मग सिरिंज आठवली. दांडा ओढताना आपण लढतो ते बाहेरच्या हवेच्या दाबाशी. बाहेरचा दाबच निम्मा असेल तर ओढायचा जोरही साधारण निम्माच! घर्षण तेवढेच राहते, पण शोषणाचा ब्रेक अर्धा होतो. भरीस भर म्हणजे विरळ हवेचा रोधही निम्मा. राजूर घाटात फुकट मिळणारे दोन ब्रेक हिमालयात अर्धेच मिळतात, आणि तेही जेथे उतरण लेहपर्यंत १,८५० मीटर, म्हणजे आमच्या हिशेबातील घाटाच्या नऊपटीहून जास्त आहे. मोकळी होणारी ऊर्जा ५४ लाख ज्यूल. मी पहिल्या गिअरवर आलो आणि ब्रेक सलग दाबून न धरता अधूनमधून थोडा थोडा लावत राहिलो.

निम्म्या वाटेवर साउथ पुल्लूच्या चौकीपाशी तिघे थांबलो. बाटलीतील पाण्याचे चार थेंब मी माझ्या पुढच्या डिस्कवर टाकले. ते ओघळून गेले. मग मागून आलेल्या सहकाऱ्याच्या डिस्कवर टाकले, तर तव्यावर पडावे तसे चर्र झाले. "न्यूट्रलमध्ये आलास का रे?" मी विचारले.

"थोडा वेळच," तो म्हणाला. "पेट्रोल कमी होते ना."

तेथेच बसून वहीच्या मागच्या पानावर त्याला कटिंग चहाचे गणित करून दाखविले. डिस्क हाताला सोसवेल इतकी गार व्हायला वीस मिनिटे लागली. उरलेला उतार तो पहिल्या गिअरमध्ये, माझ्या पुढे राहून उतरला.