चालत्या घराची वीज

मराठवाड्यातल्या उमरी स्टेशनात जुन्या निळ्या डब्यांची गाडी क्रॉसिंगसाठी थांबली, तरी डब्यातले पंखे फिरत राहतात. ही वीज इंजिनातून येत नाही. डब्याच्या आसावर एक पुली असते, तिच्यावरचे पट्टे डब्याखाली लटकणारा अल्टरनेटर फिरवतात. साध्या डब्याखाली ४.५ किलोवॉटचा एक, एसी डब्याखाली २५ किलोवॉटचे दोन. गाडी धावते तोवर अल्टरनेटर दिवे-पंखेही चालवतो आणि पेटीतल्या ११० व्होल्टच्या बॅटऱ्याही भरतो. गाडी थांबली की सगळा भार बॅटऱ्यांवर. इंग्लंडच्या जे. स्टोन कंपनीने १८९० च्या दशकात आसावरच्या डायनामोची ही रीत रूढ केली.

या रीतीत एक उणीव पहिल्यापासून आहे. अल्टरनेटरला वेग लागतो. रखडत जाणारी, घडीघडीला थांबणारी पॅसेंजर बॅटरीतून जेवढं काढते तेवढं परत घालत नाही. यावर ऊन हा एक उपाय. १४ जुलै २०१७ रोजी तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंनी दिल्लीत ज्या डेमू गाडीला हिरवा झेंडा दाखवला, तिच्या डब्यांच्या छतांवर सौर पॅनेलं होती, एकेका डब्यावर ३०० वॉटची १६. दिवे-पंख्यांची वीज छतावरून घेतली की तेवढं डिझेल वाचतं आणि गाडी उभी असतानाही चार्जिंग चालू राहतं.

रस्त्यावरच्या चालत्या घरापुढे नेमका हाच प्रश्न आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे मोटरहोम हा शब्द आपल्याकडेही कानावर येऊ लागला. पण मराठवाड्यात चालतं घर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन ट्रॉल्या येतात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली ऊसतोड टोळी भांडीकुंडी, पोरंबाळं, कोयते ट्रॉलीत घालून निघते. उमरी तालुक्यातच वाघलवाड्याला साखर कारखाना आहे. मुखेड-कंधारकडच्या कित्येक टोळ्या तर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकापर्यंत जातात. पुढचे चार-पाच महिने फडाच्या कडेला पाचटाची कोप हेच घर, आणि त्या घराचं वीजघर म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी. दिवा तिच्यावर, मोबाईल तिच्यावर, टेपही तिच्यावर. सकाळी सेल्फ मारला की नुसता कट् असा आवाज येतो. मग धक्का मारा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरची वायर लावा.

दोष बॅटरीचा नाही, तिला लावलेल्या कामाचा आहे. सेल्फ मारताना स्टार्टर दोनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो, पण फक्त काही सेकंद. दोनशे अँपिअर पाच सेकंद म्हणजे जेमतेम पाव अँपिअर-तास. ट्रॅक्टरवरचा ३६ अँपिअरचा अल्टरनेटर एवढं मिनिटभरात भरून काढतो. तो बनलाय तेवढ्यासाठीच. आता कोपीतला खर्च मांडू. दहा वॉटचा एलईडी सहा तास, पंचवीस वॉटचा डीसी पंखा आठ तास, सहा मोबाईल. बेरीज साडेतीनशे वॉट-तास, म्हणजे बारा व्होल्टवर २८-३० अँपिअर-तास. ट्रॅक्टरची बॅटरी ७५ अँपिअर-तासांची असली तर एका रात्रीत तिच्यातलं तिसऱ्या हिश्शाहून जास्त जातं. गाडी सुरू करायच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, एकदम मोठा करंट देता यावा म्हणून. रोज एवढी खोल उतरवली तर ती हंगामही काढत नाही. घरखर्चाला जाड प्लेटांची ट्युब्युलर बॅटरी लागते, आणि ती वेगळी लागते.

त्या दुसऱ्या बॅटरीला भरायचं कोणी? अल्टरनेटर आहेच की, असं आपण सहज म्हणतो. पण लेड-अॅसिड बॅटरी भरण्याची एक चाल असते. ऐंशी टक्क्यांपर्यंत ती भराभरा घेते, त्यानंतर करंट कमी कमी होत जातो. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला चार-सहा तासही लागतात, तुमचा अल्टरनेटर कितीही मोठा असो. फडावरून कारखान्यापर्यंत तासाभराची वाट, मग यार्डात नंबर लावून इंजिन बंद. तो शेवटचा हिस्सा रोज राहून जातो. अर्धवट राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि तिची क्षमता कायमची घटते. झाकण उघडून हायड्रोमीटर बुडवला की हे उघड दिसतं. भरलेल्या सेलमध्ये तरंगी १.२५० च्या वर थांबते. रोज अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीत ती १.२०० च्या खालीच अडकते, आणि एखाद्या सेलमध्ये तर त्याहून खाली.

इथे ऊन कामाला येतं. सौर पॅनेलचा करंट बेताचा असतो, पण तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिकतो. शेवटच्या टप्प्याला हवं असतं ते हेच. शंभर वॉटचं पॅनेल मराठवाड्यातल्या हिवाळी उन्हात सगळी तूट धरूनही दिवसाला साडेतीनशे वॉट-तासांच्या आसपास देतं. वर मांडलेला कोपीचा खर्च तेवढाच आहे. गाळपाचा हंगाम कोरड्या आभाळाचा असतो, हे आपलं भाग्य. फक्त डिसेंबरात नांदेडकडे सूर्य भर दुपारीही पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या वर चढत नाही, म्हणून पॅनेल ट्रॉलीवर आडवं न टाकता दक्षिणेकडे चांगलं कलतं ठेवावं. रस्त्याची धूळ आणि फड पेटवल्यावर उडणारी काजळी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसावी. उसाच्या एका पानाची सावली दोन-चार सेलवर पडली तरी पॅनेलची वीज भलतीच घसरते. मे महिन्यात ऊन वाढतं, पण पॅनेल तापतं. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वीज घटते, आणि आपल्याकडे काचेमागचे सेल पासष्ट-सत्तर अंशांना सहज पोचतात.

अल्टरनेटर आणि पॅनेल एकाच वेळी जोडले तर एक दुसऱ्याला जाळेल, ही भीती मी पुष्कळ ठिकाणी ऐकली आहे. तसं होत नाही. एका हौदावर दोन नळ आहेत आणि दोघांना आपापला फ्लोट आहे, असं समजा; ज्याचा फ्लोट खाली बसवलाय तो नळ आधी बंद होतो. अल्टरनेटरचा रेग्युलेटर १४ व्होल्टला लावलेला आणि सोलर कंट्रोलर १४.४ ला, तर चौदाच्या वर गेल्यावर अल्टरनेटर आपोआप हात आखडता घेतो आणि उरलेलं काम ऊन करतं. अल्टरनेटरमधले डायोड उलटा करंट जाऊ देत नाहीत. रात्री बॅटरीतून पॅनेलकडे करंट जाऊ नये याची काळजी कंट्रोलर घेतो.

खरा घोटाळा वेगळाच आणि गुपचूप होतो. अल्टरनेटर १४.४ लाच लावलेला असला, तर इंजिन चालू असताना कंट्रोलरला बॅटरीवर १४.४ व्होल्ट दिसतात. ते अल्टरनेटरचे आहेत हे त्याला कळायला मार्ग नसतो. बॅटरी भरत आली असा हिशेब धरून काही साधे कंट्रोलर ठरावीक वेळाने १३.६ च्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती राखायच्या चार्जिंगवर, येतात. इंजिन बंद होतं, बॅटरी ऐंशी टक्क्यांवरच असते, वर लख्ख ऊन असतं, आणि कंट्रोलर थेंबथेंब सोडत बसतो. व्होल्टेज खाली येताच पुन्हा पूर्ण चार्जिंगवर जाणारा कंट्रोलर थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा.

दोन बॅटऱ्यांच्या मध्ये व्होल्टेज पाहणारा रिले बसवावा. सुमारे १३.३ व्होल्टला तो जोडतो, १२.८ ला तोडतो. इंजिन सुरू झालं की घराची बॅटरी अल्टरनेटरला जोडली जाते, आणि रात्री कोपीत पंखा कितीही चालला तरी सेल्फची बॅटरी शाबूत राहते. तो दोन्हीकडचं व्होल्टेज पाहणारा असला तर दुपारी पॅनेलने घराची बॅटरी वर नेली की ट्रॅक्टरच्या बॅटरीलाही उन्हाचा वाटा मिळतो. साध्या बटणावर हे काम सोपवलं तर एखाद्या रात्री बटण चालूच राहतं आणि दोन्ही बॅटऱ्या बसतात.

वायरीत कंजुषी नको. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत पाच मीटर अंतर धरलं, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर. ६ चौरस एमएमच्या वायरीतून ३० अँपिअर नेले तर वाटेतच जवळजवळ एक व्होल्ट खर्ची पडतो, १४.२ चे १३.३ होतात, आणि बॅटरी भरायला कितीतरी जास्त वेळ लागतो. २५ चौरस एमएमच्या वायरीत तोच तोटा पाव व्होल्टच्या आत राहतो.

आता लिथियम आलंय. हलकं, खोल उतरवलं तरी चालणारं, अर्धवट राहिलं तरी न बिघडणारं. पण ते अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं ओढतं. यार्डात रांग सरकताना इंजिन मंद चालतं, अल्टरनेटरचा पंखाही मंद, आणि अल्टरनेटर मात्र पूर्ण भाराखाली तापतो. त्यात बॅटरीच्या आतल्या सर्किटने एकाएकी दार बंद केलं तर व्होल्टेज उसळतं आणि डायोड उडतात. म्हणून लिथियम लावायचं तर मध्ये वीस-तीस अँपिअरवर अडवणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. बीएस-६ च्या काही गाड्यांमध्ये इंधन वाचवायला अल्टरनेटरचं व्होल्टेज मुद्दाम उतरवलं जातं; तिथेही साधा रिले गोंधळतो आणि हाच चार्जर उपयोगी पडतो.

एका गोष्टीबद्दल मला खरोखर काळजी वाटते. चार्ज होताना लेड-अॅसिड बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, आणि कोप असते वाळल्या पाचटाची. बॅटरी झोपायच्या जागी, चुलीजवळ कधीच ठेवू नये. ट्रॉलीत हवेशीर पेटी करून तिथे ती पट्ट्याने घट्ट बांधावी, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हला टर्मिनलपासून वीतभर अंतरातच फ्यूज टाकावा. ट्रॉलीच्या पत्र्याला घासून वायर सोलली, तर ठिणगी आणि आग यांच्यामध्ये तो फ्यूजच असतो.

ऊस संपून टोळी गावी परतली की पॅनेल काढून माळ्यावर टाकतात आणि बॅटरी कोपऱ्यात. पावसाळाभर ती तशीच पडून उतरते आणि दिवाळीला मेलेली सापडते. पॅनेल पत्र्यावर बांधून कंट्रोलरसकट जोडलेलंच ठेवावं. ढगाळ दिवसाचा उजेडही फ्लोटला पुरतो. महिन्यातून एकदा झाकणं उघडून प्लेटा पाण्याखाली आहेत ना ते पाहावं, कमी असेल तर बॅटरीचं पाणी घालावं, आणि टर्मिनलवर धरलेली पांढरी भुकटी गरम पाण्याने धुऊन वर ग्रीस लावावं.