शिंगानं विष उतरतं का?

पाऊस लागला, भातखाचरं भरली, की अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात साप निघाल्याचे फोन सुरू होतात. बिळांत पाणी शिरतं, उंदीर घरांकडे सरकतात, त्यांच्यामागून साप. सर्पमित्रांना उसंत नसते. आणि कुणाला दंश झालाच, तर ‘आधी विष उतरवून घ्या’ म्हणणारं कुणीतरी भेटतंच.

विष उतरवण्याचं एक जुनं हत्यार म्हणजे शिंग. गाईच्या पोकळ शिंगाला टोकाशी भोक पाडायचं, रुंद तोंड जखमेवर टेकवायचं आणि टोकाकडून हवा ओढायची. दूषित रक्त काढायला सुश्रुतानं जळू आणि तुंब्याच्या जोडीला शिंगच सांगितलंय.

गेंड्याच्या शिंगाचा तोरा त्याहून मोठा. 1583 ते 1588 या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी असलेला लिन्सखोटेन हा डच माणूस लिहितो, की विषावर उतारा म्हणून इथे या शिंगाला मोठा मान आहे. गंगाकाठची एक कथाही त्यानं टिपली: गेंडा पाण्यात शिंग बुडवेपर्यंत बाकीची जनावरं तहानलेली खोळंबून राहतात! चित्र मोठं लोभस. पण ते शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांचंच द्रव्य.

तिकडे फ्रान्समध्ये विषाच्या भीतीनं राजाच्या पेल्यात एकशिंगी घोड्याचं म्हणून शिंग बुडवत. राजाचाच शल्यवैद्य आंब्रोआज पारे यानं 1582 मध्ये या समजुतीविरुद्ध पुस्तक लिहिलं. नोकरी सांभाळून हे करायला छाती लागते.

आता ओढून विष निघतं का? कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये स्वयंसेवकांच्या पायात किरणोत्सारी खूण घातलेलं नकली विष टोचलं आणि तीन मिनिटांत शोषक पंप लावला. रक्ताळ पाणी आलं. ‘विष’ जवळजवळ नाहीच. यंत्राची ही गत, तर शिंगाचं काय? उलट घोणस किंवा फुरसं चावल्यावर रक्त गोठेनासं होतं, तेव्हा विष ओढायला पाडलेली चीर वाहतच राहते.

मग लोक बरे कसे होतात? धामण, दिवड बिनविषारी. विषारी सापही काही वेळा कोरडाच, म्हणजे विष न सोडता, दंश करतो. श्रेय मात्र शिंगाला.

खरा उतारा निघाला तो शिंग नसलेल्या घोड्याच्या रक्तातून. विषाचे छोटे डोस देत त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार करायची, ही वाट फ्रेंच डॉक्टर काल्मेतनं 1890च्या दशकात दाखवली. परळच्या हाफकिन संस्थेनं याच वाटेनं नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं एकच प्रतिविष बनवलं. ते शिरेतून द्यावं लागतं, तेही रुग्णालयातच.