तंतुकणिकेची दोन पटलं
पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा, पूर्वज एकेकाळी मोकळा हिंडणारा जिवाणू होता. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी तो दुसऱ्या सूक्ष्मजीवाच्या आत शिरला आणि तिथेच नांदू लागला. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली हे ठामपणे मांडलं, तेव्हा अनेकांना ते पटलं नाही. मला सर्वांत विलक्षण वाटतो तो पटलातला पुरावा. तंतुकणिकेला दोन पटलं असतात. आतल्या, घड्या पडलेल्या पटलात कार्डिओलिपिन नावाचा मेद भरपूर सापडतो. तोच अनेक जिवाणूंच्या पटलातही असतो. शिवाय तिच्याजवळ स्वतःचा वर्तुळाकार डीएनए आहे. माणसात त्यावर जेमतेम ३७ जनुकं उरलीत. बाकीची काही नष्ट झाली, बरीचशी केंद्रकात गेली, त्यामुळे पेशीबाहेर तिला आता जगता येत नाही.