वरच्या थरावर कोण चढणार?

मुलांनो, आपल्या कात्रपमध्ये बर्फ कुठे दिसतो? गोळेवाल्याच्या गाडीवर, नाहीतर मासळी बाजारात! पायांत पात्याचे बूट घालून त्यावरून घसरत जायचं म्हणजे आपल्याकडे स्वप्नच. पण टीव्हीवर तुम्ही ते नक्की पाहिलं असेल. एक मुलगा आणि एक मुलगी हातात हात घालून बर्फावरून वाऱ्यासारखी जातात आणि एकाएकी तो तिला थेट डोक्यावर उचलतो! हे जोडीचं स्केटिंग. त्याचंच भावंड म्हणजे आइस डान्स. त्यातही जोडीदाराला उचलतात, पण उचलणाऱ्याने आपले हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत.

आता गंमत पाहा. या खेळांच्या आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत उतरायचं, तर त्या हंगामाच्या १ जुलैच्या आधी १३ वर्षं पूर्ण हवीत. समजा, एकीला ३० जूनला तेरावं वर्ष पूर्ण झालं आणि तिच्या मैत्रिणीला १ जुलैला. पहिली खेळणार, दुसरी वर्षभर थांबणार! एका दिवसासाठी! तुम्ही म्हणाल, हा कुठला न्याय? पण रेघ कुठेतरी ओढावीच लागते. शालेय स्पर्धांतले १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट तुम्हाला ठाऊकच आहेत.

वरची रेघ आणखी मजेदार. एकेकट्या खेळाडूने ज्युनियर गटासाठी १९ वर्षांच्या आत असायला हवं. जोडीत मात्र मुलीला २१ आणि मुलाला २३ वर्षांपर्यंत सवलत. म्हणजे जोडीत मुलगा वयाने बराच मोठा आणि मुलगी अगदी लहान, असंही होऊ शकतं. उचलणाऱ्याच्या खांद्यांत बळ हवं आणि उचलायची ती हलकी असली, की काम सोपं!

थांबा! असंच काहीतरी आपण गोकुळाष्टमीला ऐकतो ना? "छोट्याला वर चढवा, त्याला वजनच नाही!"

खरी गोष्ट इथेच आहे, बरं का. खेळ दोघांचा असो की शंभरांचा, सगळ्यात हलकं मूल सगळ्यात उंच जातं. आणि पडलं, तर तेच सगळ्यात उंचावरून पडतं.

म्हणूनच आपल्याकडे हा प्रश्न कोर्टात गेला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवायला आणि २० फुटांपेक्षा उंच थर रचायला मनाई केली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानेही या अटी कायम ठेवल्या. पुढे २०१७ साली, १४ वर्षांखालच्या मुलांना चढू देणार नाही, अशी हमी राज्य सरकारने दिली. उच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि उंचीची अट काढली. २०२२ साली तर दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला.

त्याच २०२२ साली तिकडे बर्फावरही रेघ सरकली. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५ वर्षांच्या एका रशियन मुलीचं उत्तेजक द्रव्याचं प्रकरण गाजलं. एवढ्याशा मुलीवर मोठ्यांच्या स्पर्धेचा केवढा भार, असं जगभर बोललं गेलं. जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने मोठ्यांच्या गटासाठीचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करायचं ठरवलं.

मग दोस्तांनो, तुम्ही तेरा वर्षांचे असाल आणि पथकातला एखादा दादा म्हणाला, "चौदा सांग, कोण बघतंय?" तर काय कराल? सरळ म्हणा, "दादा, मी खाली ढोल वाजवतो!" त्यात कमीपणा कसला? खालचा थर भक्कम नसेल, तर वरचा टिकतच नाही.

आणि आईबाबांनो, जन्मदाखल्यावरचं वर्ष हे नुसता आकडा नाही. तुमच्या मुलाची ती ढाल आहे. हंडी दर वर्षी बांधली जाते. पाठीचा कणा मात्र एकच मिळतो!