विश्लेषण : एक्स्टर्नल हार्ड डिस्क बंद पडली, डबी उघडावी का?

लग्नाचे व्हिडीओ, मुलांचे लहानपणीचे फोटो, दुकानाचा दहा वर्षांचा हिशेब, पीएचडीचा प्रबंध... बहुतेक घरांत हे सारे तळहाताएवढ्या एका काळ्या डबीत साठवलेले असते. एके दिवशी ती डबी संगणकाला जोडली तरी पडद्यावर काहीच उमटत नाही. ‘डबी फोडा, आतली हार्ड डिस्क काढा आणि दुसरीकडे जोडा’ असा सल्ला मग ओळखीतले कुणी तरी हमखास देते. तो अनेकदा बरोबर ठरतो. पण काही डिस्कच्या बाबतीत त्याने हाती काहीच लागत नाही आणि काहींच्या बाबतीत उरलीसुरली आशाही संपते. कोणती डबी उघडायची, कोणतीला हात लावायचा नाही आणि त्याआधी काय तपासायचे, याविषयी.

डबीच्या आत असते तरी काय?

‘एक्स्टर्नल’ हार्ड डिस्क हे काही वेगळे यंत्र नव्हे. संगणकात किंवा लॅपटॉपमध्ये बसते तीच साटा जोडणीची डिस्क, तिच्या तोंडाशी एक छोटे सर्किट आणि वरून प्लास्टिकचे आवरण, एवढाच हा मामला. हे छोटे सर्किट दुभाष्याचे काम करते. डिस्क साटाची भाषा बोलते, संगणकाचा पोर्ट यूएसबीची. दोघांत मेळ घालतो तो हा ‘ब्रिज बोर्ड’. खिशात मावणाऱ्या २.५ इंची डिस्क यूएसबी केबलमधून येणाऱ्या ५ व्होल्टवरच चालतात. टेबलावर ठेवायच्या ३.५ इंची डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, म्हणून त्यांच्यासोबत वेगळा अडॅप्टर येतो.

म्हणजे बिघडू शकणाऱ्या गोष्टी तीन : वीज व केबल, ब्रिज बोर्ड आणि खुद्द डिस्क. पहिल्या दोन किरकोळ खर्चात बदलता येतात. आपला डेटा तिसरीत असतो.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय पासपोर्ट’ मालिकेतील अनेक आणि तोशिबाच्या काही २.५ इंची डिस्कमध्ये ब्रिज बोर्ड वेगळा नसतोच. यूएसबीचे सॉकेट थेट डिस्कच्या मुख्य सर्किटवर सोल्डर केलेले असते. अशी डबी उघडून साटाची जोडणी शोधत बसण्यात अर्थ नाही. ती तिथे नसतेच. उघडण्यापूर्वी आपल्या डिस्कचा मॉडेल क्रमांक इंटरनेटवर टाकून आतली छायाचित्रे पाहून घ्यावीत, ती बहुतेकदा सापडतात.

डिस्क दिसत नाही, म्हणजे ती गेली का?

बहुतेक वेळा नाही. पहिला संशय केबलवर घ्यावा. यूएसबी ३.० च्या डिस्कला जी रुंद, चपटी पिन असते ती नाजूक आहे. डिस्क केबलसकट बॅगेत कोंबली की आधी तिचाच जीव जातो. दुसरा संशय विजेवर. मानकाप्रमाणे यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर वीज देतो, ३.० पोर्ट ९००. थांबलेली चकती फिरवायला सुरुवात करताना मात्र २.५ इंची डिस्कला क्षणभर साधारण एक अँपिअरपर्यंत वीज लागू शकते. जुन्या डिस्कसोबत दोन तोंडांची केबल मिळायची, ती याचसाठी. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचा पोर्ट, स्वस्तातला हब, लांबलचक केबल यांतून विजेचा दाब आणखी पडतो. दिवा लागतो, डिस्क किंचित घुरघुरते, थांबते, पुन्हा घुरघुरते. ही डिस्क आजारी नसून उपाशी असते. कॅबिनेटच्या मागचा पोर्ट आणि आखूड, चांगली केबल वापरून पाहावी.

३.५ इंची डिस्कच्या बाबतीत अडॅप्टरची अदलाबदल हा आपल्या घरांतला खास रोग. राउटर, सेट-टॉप बॉक्स, जुने स्पीकर यांचे अडॅप्टर एकाच खणात पडलेले असतात आणि पिन बहुधा सारखीच असते. राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्टचाच, पण अनेकदा एका अँपिअरचा किंवा त्याहून कमी. डिस्कला लागतो साधारण दीड ते दोन अँपिअरचा. मग चकती पूर्ण वेगाला पोहोचतच नाही आणि ‘डिस्क टकटक करतेय’ म्हणून घरात रडारड होते. याहून वाईट म्हणजे लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावणे. नियम साधा आहे : व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि अधिक-उणे टोकांची खूण दोन्हीकडे जुळली पाहिजे.

जास्त व्होल्टेज गेलेच, तर पुष्कळदा डिस्कच्या सर्किटवरचा एक लहानसा संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. डिस्क पूर्ण निपचित पडते, पण आतला डेटा शाबूत असतो. जाणकार दुरुस्ती करणारा हा डायोड मीटरने तपासून काढू शकतो. ‘तशीच दुसरी डिस्क आणून सर्किट बदलू’ असे कुणी म्हटले, तर मात्र सावध राहावे. आधुनिक डिस्कच्या सर्किटवरील एका चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कचीच मोजमापे नोंदलेली असतात. ती माहिती नव्या सर्किटवर नेल्याशिवाय नुसती अदलाबदल सहसा चालत नाही.

वीज आणि केबल ठीक असेल, तर विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. डिस्क तिथे दिसते पण तिला अक्षर नाही, असे असेल तर अक्षर दिले की काम झाले. मॅकवर वापरलेली डिस्क विंडोजला आपोआप वाचता येत नाही, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘इनिशियलाइझ करा’ किंवा ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश आला, तर ‘कॅन्सल’ दाबावे. संगणकाला डिस्कवरील मांडणी समजलेली नाही, एवढाच त्या संदेशाचा अर्थ असतो. तिथे काही नाही, असे तो सांगत नसतो.

आवाजावरून काय ओळखता येते?

बरेच काही. डिस्क एकसुरी गुंजत असेल, फिरत असेल, पण संगणकाला तिचा पत्ताच नसेल, तर दोष ब्रिज बोर्डाचा असण्याची शक्यता मोठी. डबी उघडून फायदा होतो तो इथे. ठरावीक अंतराने ‘टक... टक... टक’ असा स्पष्ट आवाज येत असेल आणि पुरेशी वीज देऊनही तो थांबत नसेल, तर वाचणारे हेड बिघडले आहे. बारीक ‘बीप’ येत असेल, तर मोटर फिरू पाहतेय पण फिरत नाही : एक तर वीज कमी, नाही तर हेड चकतीला चिकटलेले.

टकटक करणारी किंवा उंचावरून पडलेली डिस्क ‘एकदा लावून बघू’ म्हणून पुन:पुन्हा जोडणे ही सर्वांत महागडी सवय आहे. फिरत्या चकतीवर हेड अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगते; वाकडे झालेले हेड प्रत्येक फेरीत चकतीवरचा थर खरवडत जाते, आणि तो थर म्हणजेच आपला डेटा. अशी डिस्क तत्काळ बंद करून धूलिमुक्त कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी केंद्राकडेच न्यावी. खर्च डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट येऊ शकतो, म्हणून आत काय आहे याचा हिशेब करून निर्णय घ्यावा. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना नुस्खा अजून फिरतो. त्याने चकतीवर दव धरते. तो विसरलेलाच बरा.

डबी उघडायची कशी?

सर्वप्रथम, वॉरंटी बाकी असेल तर ती उघडल्याने जाऊ शकते, हे ध्यानात घ्यावे. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा सहसा मिळत नाही. त्यामुळे डेटा मोलाचा असेल तर हा सौदा प्रत्येकाने आपापला तोलायचा.

डिस्क चालू असेल तर ती ‘इजेक्ट’ करून, केबल काढून, गुंजारव पूर्ण थांबेपर्यंत थांबावे. अनेक डब्यांना स्क्रू नसतातच, कडेने प्लास्टिकच्या खाचा असतात. तिथे स्क्रू-ड्रायव्हर खुपसण्यापेक्षा जुने एटीएम कार्ड किंवा गिटारची पिक कडेकडेने सरकवावी. टक् असा आवाज करत खाचा सुटत जातात. एखाद-दुसरी मोडते, त्याचे दु:ख करू नये. स्क्रू असलेच तर ते रबरी पायांखाली किंवा लेबलखाली लपलेले असतात, कधी सहा पाकळ्यांच्या टॉर्क्स प्रकारचे. आत डिस्क रबरी बुचांवर तोललेली असते, कधी चंदेरी पट्टीही चिकटवलेली असते. ब्रिज बोर्ड सरळ रेषेत ओढून काढायचा. वर-खाली हलवला तर साटाचे प्लास्टिकचे जिभले तुटते आणि साधे काम अवघड होऊन बसते. सर्किटला बोटे लावण्याआधी एखाद्या धातूच्या, जमिनीशी जोडलेल्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. डिस्कचे स्वतःचे धातूचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडायचे नाही.

बाहेर आलेली डिस्क डेस्कटॉपच्या साटा केबलला किंवा नव्या रिकाम्या डबीला जोडता येते. अशा डब्या मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन सहज मिळतात. घेताना दोनच गोष्टी पाहाव्यात : डिस्कचा आकार आणि डबी किती टीबीपर्यंत चालते. काही जुन्या डब्या २ टीबीच्या पुढची डिस्क ओळखतच नाहीत.

बाहेर काढलेली डिस्क कोरी का दिसते?

इथे भलेभले फसतात. डिस्क ठणठणीत, साटाने जोडली, आकारही बरोबर दिसतो. पण आत फोल्डर नाही, फाइल नाही. याची दोन कारणे संभवतात.

पहिले, कूटबद्धीकरण. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक’ आणि ‘माय पासपोर्ट’ मालिकांतील अनेक डिस्कमध्ये ब्रिजवरची चिप प्रत्येक अक्षर कुलूपबंद करूनच चकतीवर लिहिते, आपण पासवर्ड कधी लावलेला नसला तरीही. त्या चिपशिवाय चकतीवरचा मजकूर म्हणजे निव्वळ गचाळ आकडे. अशा डिस्कचा मूळ ब्रिज बोर्ड फेकून देणे म्हणजे किल्ली फेकून देणे. बोर्ड जळला असेल तरी तो जपून ठेवावा. त्याच जातीच्या चिपचा दुसरा बोर्ड मिळवून काम होऊ शकते.

दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीत डिस्कवरचे कप्पे मोजण्यासाठी ३२ बिट असतात. एक कप्पा ५१२ बाइटचा धरला तर मोजणी सुमारे २ टीबीला संपते. ३ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्क बाजारात आल्या तेव्हा विंडोज एक्सपी जोरात होती आणि तिला नवी ‘जीपीटी’ पद्धत कळत नव्हती. मग काही उत्पादकांनी शक्कल लढवली : ब्रिज बोर्डाने संगणकाला सांगायचे की आमचा एकेक कप्पा ४०९६ बाइटचा आहे. मर्यादा एकदम आठपट झाली. पण अशी डिस्क डबीबाहेर काढली की ती आपले ५१२ चे खरे माप सांगते, जुना नकाशा नव्या मापाला लागू पडत नाही आणि संगणक तिला कोरी समजतो. डेटा जागच्या जागी असतो. डिस्क मूळ डबीत किंवा ४०९६ चेच माप सांगणाऱ्या दुसऱ्या डबीत बसवली की सगळे पुन्हा दिसते. मध्येच ‘फॉरमॅट’ला हो म्हटले, तर मात्र आपणच नकाशावर बोळा फिरवलेला असतो.

डिस्क दिसते, पण रडतखडत चालते. मग?

आधी तिची नाडी पाहावी. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत साधन डिस्कच्या पोटातील ‘स्मार्ट’ नोंदी दाखवते. त्यातील ०५ ही नोंद निकामी होऊन बदललेले कप्पे मोजते, सी५ ही वाचता न येऊन ताटकळलेले. सी५ चा आकडा वाढत असेल, तर डिस्क उतरणीला लागली आहे. सी७ वाढत असेल तर दोष डेटा ये-जा करण्याच्या वाटेत असतो. इथे एक बारकावा : ही वाट म्हणजे डिस्क आणि ब्रिज यांच्यातली साटा जोडणी. बाहेरची यूएसबी केबल बदलून हा आकडा थांबत नाही.

उतरणीला लागलेल्या डिस्कवर ‘चेकडिस्क’ चालवू नये. ते फाइलींची मांडणी सावरताना डिस्कवर लिहिते आणि कप्पे तपासायला सांगितले तर तासन् तास राबवते. आजारी डिस्कला दोन्ही सोसत नाही. आधी अत्यावश्यक फाइली उचलाव्यात. जमत असेल तर लिनक्सवरील ‘डीडीरेस्क्यू’ने पूर्ण डिस्कची प्रत काढावी, ते सोपे भाग आधी वाचते, अवघड भागांची यादी ठेवून त्यांकडे नंतर वळते. पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत.

चांगली डिस्क काढून संगणकात बसवता येते?

येते, आणि एकेकाळी एका कंपनीचा धंदाच यावर तगला. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडच्या पुरात अयुथ्थया प्रांतातील वेस्टर्न डिजिटलचा कारखाना बुडाला आणि जगभर अंतर्गत डिस्कचे भाव काही आठवड्यांत दुपटीहून वर गेले. दुकानांतल्या एक्स्टर्नल डिस्क त्यामानाने स्वस्त राहिल्या. ऑनलाइन साठवणूक विकणाऱ्या ‘बॅकब्लेझ’ या अमेरिकी कंपनीने मग कर्मचारी, मित्र, नातलग यांना दुकानादुकानांत पाठवून ३ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्क गोळा केल्या, डब्या फोडल्या आणि आतल्या डिस्क आपल्या सर्व्हरमध्ये बसवल्या. दुकानांनी ग्राहकामागे दोनच डिस्क अशी मर्यादा घातली होती, म्हणून ही वणवण. शेंगा सोलाव्यात तशी डिस्क सोलण्याची ही पद्धत हौशी मंडळींत आजही चालते.

आज ती करताना एक नवी अडचण येते. २०१६ च्या साटा मानकात वीजजोडणीतल्या तिसऱ्या पिनला ‘डिस्क बंद ठेवा’ असा अर्थ दिला गेला, तर जुने पॉवर सप्लाय तिथे ३.३ व्होल्ट सोडतात. परिणामी डबीत धावणारी ३.५ इंची डिस्क संगणकात बसवल्यावर फिरतच नाही आणि ‘काढताना खराब झाली’ असा समज होतो. तिसऱ्या पिनवर उष्णतारोधक कॅप्टन टेपचा बारीक तुकडा चिकटवला की ती सुरू होते. मोलेक्स-साटा जोडवायरनेही हे जमते. पण तारा प्लास्टिकमध्ये ओतून बनवलेल्या स्वस्त जोडवायरी आतल्या आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून टेपच बरी. सोललेली डिस्क नीट चालली, तरी वॉरंटी संपेपर्यंत तिची डबी, ब्रिज बोर्ड आणि अडॅप्टर एका पिशवीत घालून वर डिस्कचा सीरियल क्रमांक लिहून ठेवावा.