राखेतलं पुडिंग

1857 सालचा नाताळ. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, समुद्राजवळच्या सेंट मेरीचर्च गावातल्या एका घरात मात्र सणाचं नाव नव्हतं. घरमालक फिलिप हेन्री गॉस हा नावाजलेला निसर्ग-अभ्यासक. काचेच्या पेटीत समुद्री जीव पाळायचं वेड इंग्लंडला लावण्यात त्याचा मोठा वाटा होता. धर्माच्या बाबतीत मात्र तो कमालीचा कर्मठ. त्याच्या लेखी नाताळ म्हणजे मूर्तिपूजकांचं थेर. 25 डिसेंबरला घरात रोजच्यासारखाच स्वयंपाक होईल, असा त्याचा हुकूम होता.

मोलकरणींना हे पटेना. त्यांनी गुपचूप, आपल्यापुरतं, बेदाणे घातलेलं छोटंसं पुडिंग शिजवलं. दुपारी त्यांना मालकाच्या आठ वर्षांच्या पोराची, एडमंडची, दया आली. त्याची आई त्याच वर्षी फेब्रुवारीत कर्करोगाने गेली होती आणि तिच्याविना हा पहिलाच नाताळ. त्यांनी त्याला गोडीगुलाबीने स्वयंपाकघरात नेलं आणि पुडिंगचा एक तुकडा खाऊ घातला.

थोड्या वेळाने पोराच्या पोटात दुखू लागलं. पाठोपाठ मनही खाऊ लागलं. शेवटी राहवेना, तेव्हा तो वडिलांच्या अभ्यासिकेत धावत शिरला आणि मूर्तींना वाहिलेलं अन्न आपण खाल्लं, अशी कबुली देऊन मोकळा झाला. वडील ताडकन उठले. एका हाताने पोराला धरलं, स्वयंपाकघरात घुसून दुसऱ्या हाताने उरलेल्या पुडिंगची बशी उचलली आणि दोघं तसेच पळत परसातल्या उकिरड्यापाशी पोचले. तिथे त्यांनी पुडिंग राखेत फेकलं आणि वर राख ओढून खोल गाडून टाकलं.

ही हकिगत सांगायला एडमंड गॉसला पन्नास वर्षं लागली. 1907 साली ‘फादर अँड सन’ हे त्याचं आत्मकथन आलं, तेही आधी निनावी. वडील जाऊन तोवर एकोणीस वर्षं झाली होती. इंग्रजी साहित्यात फसलेल्या नाताळच्या आठवणी भरपूर आहेत, आणि गॉसची ही आठवण त्यांतली सर्वांत मजेशीर असावी. वाचताना आधी हसू फुटतं. मग लक्षात येतं की घरातली बाई गेल्यानंतरचं हे पहिलं वर्ष आहे, आणि राखेत पुडिंग गाडणारा माणूस नुकताच विधुर झालेला आहे.

नाताळ नेमका का फसतो, याची कारणं मोठी व्यावहारिक आहेत. आज ब्रिटनमध्ये 25 डिसेंबरला रेल्वे जवळजवळ पूर्ण बंद असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 280 चौरस मीटरहून मोठी दुकानं त्या दिवशी उघडायला 2004 च्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे वर्षभर एकमेकांना टाळणारी माणसं एका घरात येतात आणि भांडण झालंच, तर रागारागाने निघून जायला गाडी नसते. आयत्या वेळी काही संपलं, तर आणायलाही कुठे जाता येत नाही. त्यात दुपारी तीनला राजघराण्याचं भाषण. ही प्रथा 1932 साली पाचव्या जॉर्जने रेडिओवर सुरू केली आणि 1957 पासून ते भाषण दूरचित्रवाणीवर दिसू लागलं. भाषणाआधी जेवण आटपायचं, की नंतर बसायचं, यावरूनही घरात दोन तट पडतात.

शिवाय टर्की. गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये नीट सुटी व्हायला दर किलोला साधारण 10 ते 12 तास धरावे लागतात. सहा किलोचा पक्षी असेल, तर जवळजवळ तीन दिवस झाले. हा हिशेब आदल्या रात्री आठवला, की सकाळी ओव्हनमध्ये जातो तो बाहेरून पक्षी आणि आतून बर्फ. अमेरिकेत टर्की विकणाऱ्या बटरबॉल कंपनीने तर 1981 पासून खास टेलिफोन सेवाच चालवली आहे. सणांच्या दिवसांत घायकुतीला आलेले यजमान फोन करतात आणि पलीकडची जाणकार माणसं त्यांना धीर देतात.

टर्की छान भाजली, म्हणून जेवण पार पडतंच असं नाही. 1891 च्या नाताळात आयर्लंडमधल्या ब्रे गावी नऊ वर्षांच्या जेम्स जॉइसच्या घरी काय घडलं, ते पुढे त्याच्या ‘अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन’ या कादंबरीत उतरलं. आयरिश स्वराज्याचा पुढारी पार्नेल त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला वारला होता. एका विवाहित स्त्रीशी असलेल्या संबंधावरून धर्मगुरूंनी त्याची साथ सोडली होती आणि त्यावरून घराघरांत फूट पडली होती. कादंबरीतला छोटा स्टीफन त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यांच्या टेबलावर जेवायला बसतो. एका बाजूला पार्नेलचे भक्त, समोर धर्मगुरूंची कड घेणारी दांते नावाची बाई, आणि मध्ये वाफाळलेली टर्की.

वाद चिघळू लागतो तेव्हा स्टीफनचे वडील विषय बदलायची धडपड करतात. पक्ष्याच्या शेपटाकडच्या तुकड्याला ‘पोपचं नाक’ म्हणतात. तो काट्यावर उचलून ते विचारतात, कोणाला हवाय का? ऐन धर्माच्या भांडणात हा विनोद! कोणीच हात पुढे करत नाही आणि तो तुकडा मुकाट्याने त्यांच्याच ताटात जातो. शेवटी दांते दार आदळून निघून जाते, पार्नेलचा एक भक्त हुंदके देऊन रडतो आणि स्टीफन वर पाहतो, तर वडिलांचे डोळेही भरलेले असतात. कादंबरी 1916 साली पुस्तकरूपात छापली गेली, म्हणजे त्या जेवणानंतर पंचवीस वर्षांनी.

मोठेपणीचा फसका नाताळ वेगळा असतो, कारण तेव्हा दुसऱ्यांचा सण साजरा करून देणं हे काम होऊन बसतं. अमेरिकन विनोदी लेखक डेव्हिड सेडारिस न्यूयॉर्कमध्ये कडकीत होता, तेव्हा मेसीज या अवाढव्य दुकानात सँटाचा हिरव्या कपड्यांतला मदतनीस बनला. नाव घेतलं ‘क्रंपेट’. तिथे भोकाड पसरलेल्या पोरांना दटावून, फोटोपुरतं हसायला लावणारे आईबाप त्याने रोज पाहिले. तो अनुभव त्याने 23 डिसेंबर 1992 ला रेडिओवर वाचून दाखवला आणि एका सकाळीत त्याचं नाव झालं.

मग संसारातला नाताळ. 1986 च्या 25 डिसेंबरला बीबीसीच्या ‘ईस्टएंडर्स’ मालिकेत पब चालवणाऱ्या डेनने बायकोच्या, अँजीच्या, हातात घटस्फोटाची कागदपत्रं ठेवली. नवऱ्याने सोडून जाऊ नये म्हणून आपण फक्त सहा महिन्यांच्या सोबती आहोत, असं खोटंच तिने सांगितलं होतं आणि ते त्याला कळलं होतं. पुनर्प्रक्षेपण धरून तो भाग 3 कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. ब्रिटनच्या निम्म्याहून अधिक लोकसंख्येने ऐन सणात, पोटभर जेवून, दुसऱ्याचा संसार मोडताना पाहिला. त्यांतले बरेचजण क्रॅकर या नाताळच्या कागदी नळीतून निघालेले कागदी मुकुट डोक्यावर तसेच ठेवून बसले असतील.

भांडण टाळता येत नसेल, तर त्यालाच सणात मानाची जागा द्यावी, असा विचार करणारा एक गृहस्थ अमेरिकेत होऊन गेला. डॅनियल ओकीफ हा ‘रीडर्स डायजेस्ट’चा संपादक. 1966 साली त्याने बायकोच्या पहिल्या भेटीच्या आठवणीत ‘फेस्टिव्हस’ नावाचा घरगुती सण काढला. त्याला ठरलेली तारीख नव्हती. भिंतीवर पिशवीत घातलेलं घड्याळ टांगायचं. ते का, हे मुलांनी विचारलं तरी वडील सांगत नसत. मग वर्षभरात कोणाचं काय चुकलं, कोणी कोणाला काय लागेल असं बोललं, त्या तक्रारी एकेकाने बोलून दाखवायच्या. त्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रितही व्हायच्या.

त्याचा मुलगा डॅन पुढे ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेचा लेखक झाला. हा प्रकार सहकाऱ्यांच्या कानावर गेला, तेव्हा डॅन अवघडला. जगाला दाखवावं असं त्याला त्यात काहीच दिसत नव्हतं. सहकाऱ्यांनी ऐकलं नाही. 18 डिसेंबर 1997 च्या भागात फेस्टिव्हस आला तो नाताळच्या बाजारूपणाला कंटाळलेल्या माणसाचा पर्यायी सण म्हणून. पिशवीतल्या घड्याळाच्या जागी लेखकांनी अ‍ॅल्युमिनियमचा नुसता खांब आणला. तक्रारींचा कार्यक्रम मात्र तसाच ठेवला. आज 23 डिसेंबरला कित्येक अमेरिकन घरांत असा खांब उभा राहतो आणि पाहुणे तक्रारींची यादी घेऊन येतात.

गॉसच्या घरात तशी सोय नव्हती. पुडिंगबद्दल कोणाला काय वाटलं, हे बोलायला जागाच नव्हती. पोटदुखी हा आपल्या नाजूक प्रकृतीचाच परिणाम होता, हे एडमंडने म्हातारपणाच्या उंबरठ्यावर निवांतपणे लिहून ठेवलं. वडिलांच्या त्या धावण्याचा वेग आपल्या मनातून कधीच पुसला जाणार नाही, असंही लिहिलं. बशी उचलून नेली गेल्यावर त्या मोलकरणींनी सणाचा उरलेला दिवस कसा काढला, ते मात्र त्याने लिहिलेलं नाही.